दशमीचे वडे

"वाढा बाप्पा, मी लय दुरून आलो."

पाटावर मांडी घातली की त्याचं हे पहिलं वाक्य. राहायचा आमच्याच गल्लीच्या टोकाला, बहिणीच्या पडवीत. तिथून माझं घर म्हणजे पेटवलेली विडी विझायच्या आत येईल एवढ्यावर. पण पितृपक्षात पाटावर बसला की लेकाचा दुरून आलेला असे. डोळे मिटून घेई, खांदे पाडी आणि पत्रावळीच्या काठावर बोटं टेकवून वाट पाही. दमलेला दिसे. दमायला त्याने जन्मात काय केलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

आमच्या मोर्शीच्या बाजूला, गेलेल्या माणसाच्या तिथीला त्याच्या नावाने कोणाला तरी जेवायला बसवतात. त्याचे पाय धुवायचे, टिळा लावायचा, कढी-वडे, खीर, धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या वाढायच्या. तेवढ्या वेळापुरता तो माणूस म्हणजे तुमचा बाप, तुमचा आजा. त्याला पितर म्हणतात. बाकीचे लोक पितर बसत आणि जेवून उठले की पुन्हा आपापल्या कामाला लागत. हा मात्र बारा महिने पितर. गावाने त्याचं नावच ते पाडलं. खरं नाव होतं, मला ते घ्यायचं नाही. तुमच्याही गावात असा एखादा असेल, त्याचं लावून घ्या.

आधी तो अकोल्याला एका कापसाच्या जिनिंगात होता. जिनिंग बंद पडलं म्हणून गावी आलो, असं सांगे. मला वाटतं, हा तिथे बसून राहिला म्हणूनच ते बंद पडलं असेल.

वर्षभर मारुतीच्या ओट्यावर लोळत असे. भादव्यातली पुनव झाली की उठे, दाढी करी, धोतर निळीतून काढी आणि दारोदार विचारत फिरे, "तुह्या बुढ्याची तिथी कवा हाय बे?" विचारायची गरज नव्हती. कोणाच्या घरी डाळ भिजली, ते त्याला ओट्यावरून कळे. नवमी तेवढी त्याच्या जिवावर येई. नवमी नवऱ्याआधी गेलेल्या बायांची. त्या दिवशी पाटावर सवाष्ण बसते, पुरुषाला कोण विचारतो? तो दिवस हा तोंड पाडून काढी. "एवढ्या बाया नवमीलेच काहून मरतात, काई समजत नाई," म्हणे. एवढं त्याचं ज्ञान.

कावळ्याने घास उचलल्याशिवाय पितराने जेवायचं नसतं. याला तेवढा दम कुठला? अंगणात जाऊन स्वतःच काव काव करी, शेजारच्या कवेलूंवर बसलेल्या कावळ्याला खडा मारून आमच्या छपरावर आणी. अवसेला, म्हणजे सर्वपित्रीला, तर सगळ्याच घरी पान. त्या दुपारी तो इतक्यांचा बाप होई की कोणाचा कोण ते विसरे. एकदा सुताराच्या घरी बसून सोनाराच्या दुकानाची चौकशी करून आला.

रस्त्यावर गादी भरणारा चाचा त्याला पाहिला की पिंजण थांबवी. "क्यूं मियाँ, आज किसके अब्बा हो?"

"आज पोलीसपाटलाचा आजा."

"खाना अच्छा मिले तो कल फिर मर जाना."

हा खुशीत मान हलवी. टोमणा कळायला डोकं लागतं.

बाकीचे पितर मुकाट जेवत. याला मेलेल्याच्या तोंडाने बोलायची खोड. सरपंचाच्या घरी म्हणाला, "माह्या टायमाले तूप वरून दिसे." सरपंचाच्या आईने घाबरून वाटी उपडी केली. माझ्या बापाच्या तिथीला मीच त्याला बसवला होता. खीर संपवली आणि मला म्हणतो, "बाबू, तू मले कधी चहा पाजला नाई." माझा बाप चहाला जन्मात शिवला नाही. मी याला दंडाला धरून उठवला.

"निंग अठून. पुन्हा या घरात पाय ठेवशीन तं तंगडं मोडीन."

उठला. पण उठताना दोन्ही हातांत वडे. आणि गल्लीत जाऊन ओरडला, "पाटावरून बापाले उठवते, पहा हा मानूस!" त्या दिवसापासून माझं दार त्याला बंद. मी एकदा बंद केलं की उघडत नाही.

मग ती वाईट वर्षं आली. तुम्ही पेपरात वाचली असतील, आम्ही त्यात राहत होतो. विहिरी तळाला गेल्या, संत्र्याच्या बागा उभ्या वाळल्या, आणि गावात धड मरण कोणाला येईना.

पितृपक्षातली चौदस ही घाताने गेलेल्यांची. साप चावला, वीज पडली, झाडावरून पडला, तो चौदसचा. मग तो कोणत्या का तिथीला गेला असेना. आधी चौदसला गावात एखाद्या घरी कढई चढे, आणि त्याचं कोणाला काही वाटत नसे. त्या वर्षांत गल्लीगल्लीत चौदसला वड्यांचा घाणा निघू लागला. तेव्हापासून लोक धरून चालले की ज्याचं पान चौदसला, त्याने आपल्या हातानेच जीव दिला. मग साप चावलेल्यांच्या घरचेही चौदस सोडून अवसेला जेवण घालू लागले. अवस सगळ्यांची, तिथे कोण कशाने गेला हे कोणी विचारत नाही. भित्रे लेकाचे.

माझा धाकटा भाऊ त्याच वर्षांत विहिरीत पडून गेला. पाणी खाली गेलं होतं, मोटार खालच्या टप्प्यावर सरकवायची होती, एकटाच उतरला. काठावर त्याच्या चपला जोडीने ठेवलेल्या सापडल्या. गावाला तेवढं पुरलं. चपला नीट काढून ठेवल्या, म्हणजे ठरवून गेला, म्हणे. माझा भाऊ लहानपणापासून चपला जोडीनेच ठेवायचा. पण हे समजावत फिरायला मी कोणाच्या दारात जात नाही.

वर्षश्राद्ध झालं आणि भादवा आला. मोर्शीहून येणारे महाराज म्हणाले, "विहिरीत गेला तो चौदसचा. शास्त्र आहे." शास्त्र सांगून ते पुढच्या घरी गेले. भावजय माझ्यासमोर कधी बोलत नसे. ती चुलीपाशी बसून माझ्या बायकोला म्हणाली, मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने, "बाई, ते दसमीले गेले. चौदसले या घरात चूल पेटनार नाई."

तिचं पोरगं शाळेत जात होतं. जीव दिलेल्याचं पोरगं म्हणून लोक त्याच्याकडे पाहत, ते मला दिसत होतं. मी म्हटलं, दशमी तर दशमी.

पण पाटावर बसायला माणूस पाहिजे. ज्याला म्हणावं तो खाली पाहे. "चौदसले बोलवा भाऊ, धावत येतो. दसमीले नोका म्हनू." माझा सख्खा आतेभाऊ, त्याचंही तेच. घाताने गेलेल्याचं पान चुकीच्या तिथीला खाल्लं तर अंगाला लागतं, असं यांचं म्हणणं. उघड्या अंगाने विषारी फवारे मारणारे हे लोक, आणि वड्याला घाबरत होते.

ओट्यावरच्या त्या पितराला मी विचारलं नाही. विचारणारही नव्हतो.

दशमीला दुपारी पान वाढून झालं. पितरांची वेळ दुपारची, ऊन कललं की गेली. पाट रिकामा. घरचा माणूस घरचा पितर होत नाही, नाहीतर मीच बसलो असतो. गल्लीतले लोक दारात जमले होते. मदतीला नाही, पाहायला. भावजय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात वड्यांची परात घेऊन उभी.

तेवढ्यात लोकांना कोपराने सारत हा आत आला. निळीतलं धोतर, ताजी दाढी. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टाक्यावर स्वतःच पाय धुतले, पाटावर बसला, डोळे मिटले.

"वाढा बाप्पा, मी लय दुरून आलो."

आदल्या दिवशी नवमी. पोटात काही नव्हतं, वास आला म्हणून आला. ते मी तेव्हाच ओळखलं. तंगडं मोडायचं मी बोललो होतो आणि मी बोललेलं करतो. पुढे झालो. पण भावजय माझ्याआधी पोचली होती. तिने टिळा लावला आणि वाढायला घेतलं.

जेवण अर्ध्यावर आलं की पितराला विचारायची रीत आहे. तिने विचारलं, "काई राह्यलं का?"

तो चावत होता. वडा गिळला, कढीचा भुरका मारला आणि डोळे न उघडता म्हणाला, "मोटार सरकवाची राह्यली. पाय घसरला वं माहा."

परातीचा काठ तिच्या बांगड्यांवर वाजला.

गप्प बसवत नाही असा एक जण प्रत्येक गावात असतो. तो दारातून म्हणाला, "मंग चपला काहून ठेवल्या होत्या जोडीनं?"

याने डोळे उघडले. "इहिरीत चपला घालून उतरते का बे कोनी? परवा मी तुहाच बाप होतो. तवा इचारलं असतं, तं त्यानंही हेच सांगतलं असतं."

लोक हसले. बाहेरून चाचा सगळ्यांत मोठ्याने हसला. विचारणारा मागे सरकला, आणि त्याच्यामागून एकेक जण दारातून निघाला. पाटावरच्या पितराला, तोंडात घास असताना, खोटं म्हणायची आमच्याकडे कोणाची छाती नाही. भावजयीने सगळी परात त्याच्या पानात उपडी केली. तो सगळी जेवला. मी पाहत होतो, एकदाही नको म्हणाला नाही.

रीत म्हणून त्याला शेला-टोपी दिली. अंगणात गाठून विचारलं, "तुले कोनं सांगतलं बे, पाय घसरला म्हून?"

"मले कोन सांगीन?" तो शेल्याच्या टोकाला वडे बांधत होता. "मी तं जेवाले आल्तो."

पुढच्या भादव्यात घरोघरच्या बाया त्याला जेवायला सांगू लागल्या. चौदसला नाही, ज्याच्या त्याच्या तिथीला. एकीचा नवरा फवारणीचं औषध पिऊन गेला होता, सगळ्या गावाला ठाऊक. तिच्या पाटावर बसून हा म्हणाला, "पान्याचीच बाटली समजलो मी." दुसऱ्या घरी म्हणाला, "डोयाले झापड आल्ती." एका म्हाताऱ्याच्या एकुलत्या पोराच्या नावाने बसला, तिथे काय बोलला, ते म्हाताऱ्याने आजवर कोणाला सांगितलं नाही. एका वड्याला एक खोटं. मला शिसारी येई. आणि लोक मान हलवून ऐकून घेत, त्यांची तर जास्त.

महाराज त्याच्यावर ओट्यापाशी ओरडले, "शास्त्र बुडवलंस तू!"

"तुमी वाचा महाराज," हा पाय पसरून म्हणाला, "मी जेवतो."

त्या वर्षी चौदसला एकाही घरी कढई चढली नाही. जसं काही आमच्या गावात कोणी घाताने गेलंच नव्हतं.

एकदा ओट्याजवळून जात होतो, तर मला हाक मारली. "भाऊ, मी गेल्यावर माहं पान कोन वाढीन?"

"गावाचा बाप झाला नं तू? पोट्टे हायेत तुले गल्लीगल्लीत."

"पोट्टे लय झाले," तो म्हणाला. "पन तुहा बाप नाई जमला मले. चहात चुकलो."

मी हसलो नाही. त्याला हसून दाखवायची मला गरज नव्हती.

एका उन्हाळ्यात तो अकोल्याला भाच्याकडे गेला, तो परत आलाच नाही. बातमी आली तेव्हा तेरवी उलटून गेली होती. कोणत्या तिथीला गेला, भाच्याला सांगता येईना. ज्याची तिथी माहीत नाही त्याची अवस. गावात बऱ्याच घरी अवसेला कवेलूंवर एक वडा जास्त ठेवतात म्हणे. मी ठेवत नाही. माझा तो कोणी लागत नव्हता. भावाचा पाय घसरला हे मला माहीत आहे, कारण मी माझ्या भावाला ओळखतो. त्याला माहीत नव्हतं. तो वड्यांसाठी बोलला. हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन.

चौदसला गावात पुन्हा धूर दिसू लागला आहे.

आमच्याकडे दशमीला आता आतेभावाचा पोरगा बसतो. अमरावतीला कॉलेजात आहे. शहाणा आहे, तोंड मिटून हळू जेवतो. भावजय विचारते, "काई राह्यलं का?"

"नाही काकू. पोट भरलं."

ती तरी परात धरून उभी राहते, त्याच्या तोंडाकडे पाहत. मग तो हात धुवायला उठतो.

परातीत वडे उरतात. तो ओट्यावरचा खादाड असता तर एक उरला नसता.