आमच्या मतदारसंघाचा घसा

आमच्या मतदारसंघाचा इतिहास लिहायला कोणी प्राध्यापक आलाच, तर त्याला मी सरळ आमच्या वन्संचा घसा तपासायला सांगेन. इथून जे जे म्हणून आमदार झाले ते सगळे त्या घशातून बाहेर पडले. पडले ते पडलेच, पुन्हा काही इकडे फिरकले नाहीत.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत. रिक्षात मागे बसून भोंग्यावरून घोषणा करायच्या, हा त्यांचा धंदा. एरवी चादरींचा सेल, हरवलेलं पोर, उद्या पाणी येणार नाही, असलं काहीबाही. निवडणूक लागली की मात्र त्यांना जेवायला फुरसत नसे. बाकीचे घोषणावाले जप्ती आणल्यासारखे ओरडतात. वन्सं कोपऱ्यावर रिक्षा थांबवायच्या, माईकला रुमाल गुंडाळायच्या आणि म्हणायच्या, "काकू, गॅस बारीक करा आणि जरा बाहेर या, मी आलेय." काकू खरंच गॅस बारीक करून बाहेर यायच्या.

पहिले वकीलसाहेब. आमची वस्ती नाल्याच्या अलीकडे, बाजार आणि दवाखाना पलीकडे, मध्ये दोन फळ्या. वकीलसाहेबांनी पूल बांधून देतो म्हणून सांगितलं, म्हणजे वन्संनी सांगितलं. साहेब निवडून आले आणि राजधानीत पूल शोधायला गेले ते गेलेच. मग वीटभट्टीवाला आला. "वकिलाने शब्द दिला, मी विटा देईन!" दिल्या की. त्या विटांचा त्याचा स्वतःचा बंगला झाला. मधल्या काळात सरकारने मतदारसंघाची हद्द नव्याने आखली, ती नेमकी नाल्यातून. पुलाचं एक टोक आमच्या आमदाराकडे, दुसरं शेजारच्याकडे. दोघंही इतके सभ्य की "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत बसले. त्यानंतर वीटभट्टीवाल्याचा जावई. निशाणी सासऱ्याचीच, शिडी. वर चढायचं आणि शिडी ओढून घ्यायची, इतकी प्रामाणिक निशाणी मी दुसरी पाहिली नाही.

वन्संनी सांगितलं की उद्या पाणी नाही, तर खरंच नसायचं. वन्संनी सांगितलं की पूल होणार, तर तोही नसायचा. आवाज तोच, पण लोकांनी त्याचा दोष कधी वन्संना दिला नाही.

गेल्याच्या आधीच्या निवडणुकीत जावईबापूंना वन्संच्या घशाची काळजी वाटू लागली. "ताई, रोज कशाला ओरडता? एकदाच रेकॉर्ड करू." गाडी पाठवली, स्टुडिओत नेलं, गरम पाणी पाजलं. वन्सं घरी आल्या त्या हवेत तरंगतच. "एवढी काळजी सख्खा भाऊ करत नाही," असं सख्ख्या भावासमोर म्हणाल्या. रेकॉर्डिंग झकास झालं होतं. "मी तुमचीच पोरगी सांगतेय, माझं ऐका, शिडीचं बटण दाबा, पूल झालाच म्हणून समजा!"

मग एके दिवशी भरदुपारी आमच्या गल्लीतले शिंपीमामा फळीवरून पडले आणि खुबा मोडून बसले. वन्सं फळं घेऊन भेटायला गेल्या. मामींनी बस म्हटलं नाही. "त्या आमदाराला मी कुठे ओळखते गं?" म्हणाल्या. "पूल होणार हे मला तू सांगितलंस. दर खेपेला तूच सांगितलंस."

वन्सं घरी आल्या, ताटावर बसल्या आणि तशाच उठल्या. पुढची निवडणूक जाहीर झाली त्या दिवशी म्हणाल्या, "मी उभी राहणार."

"कुठे?" माझ्या नवऱ्याने विचारलं. त्याची झेप तेवढीच.

"निवडणुकीला."

तो हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू? पण वाळत घातलेले कपडे काढताना त्या मला म्हणाल्या, "आमदारकी कोणाला हवीय? लोक माझं ऐकतात की त्या भोंग्याचं, एवढं मला एकदा कळू दे. नाहीतर या गल्लीतून मान वर करून चालायचं कसं?" मग मी हसायचं बंद केलं आणि पत्रकं वाटायला लागले.

निशाणी मिळाली इस्त्री. पहिल्याच कोपऱ्यावर हाक दिल्याबरोबर काकू बाहेर आल्या, तोंडभर हसल्या आणि म्हणाल्या, "माहितीये गं, शिडी ना?"

"नाही काकू, इस्त्री. या वेळी मी स्वतः उभी आहे."

"अगंबाई! कोणाकडून?"

"माझ्याकडून."

"ते कळलं, पण कोणाकडून?"

गल्लोगल्ली हेच. लोकांचा तरी काय दोष? इतकी वर्षं या बाईने दुसऱ्यासाठी मतं मागितली, ती स्वतःसाठी मागेल हे कोणाच्या डोक्यात कसं शिरावं? तरी वन्सं चिकाटीने समजावत राहिल्या. हळूहळू मामीसुद्धा दारात येऊन ऐकू लागल्या. आणि मग जावईबापूंनी जुनं रेकॉर्डिंग बाहेर काढलं.

आता गल्लीच्या या तोंडाला वन्सं, त्या तोंडालाही वन्सं. इकडची दमलेली, बसक्या आवाजाची, इस्त्री इस्त्री करत खोकणारी. तिकडची गरम पाणी प्यालेली, ठणठणीत, न थकणारी. आम्ही निवडणूक अधिकाऱ्यांकडे तक्रार घेऊन गेलो. साहेबांनी रेकॉर्डिंग शांतपणे ऐकलं. "आवाज कोणाचा?" "माझा." "जबरदस्तीने बोलायला लावलं होतं?" "नाही." "मग तक्रार कोणाविरुद्ध लिहू, तुमच्याच?" साहेबांना स्वतःचा विनोद इतका आवडला की त्यांनी तो शिपायालाही सांगितला. माझ्या तोंडात शिवी आली होती, वन्संनी हात दाबला म्हणून गिळली.

मग त्या इरेलाच पेटल्या. भोंग्याला भोंग्याने हरवायचं म्हणून दिवसभर ओरडायच्या. प्रचार संपला तेव्हा घशातून नुसती हवा येत होती. निकालाचं म्हणाल तर जावईबापू आले निवडून, नेहमीसारखे. वन्संची अनामत गेली. त्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते मतदानाच्या दिवशीच वाटून संपलं होतं.

त्या दिवशी सासूबाईंना मी मतदानाला नेलं. त्यांना अक्षरं दिसत नाहीत, चित्रं दिसतात. नवी साडी नेसून, पोटच्या पोरीला मत द्यायचं म्हणून रांगेत सगळ्यांना सांगत उभ्या होत्या. बाहेर आल्या त्या जग जिंकल्यासारख्या. घरी वन्सं वाटच पाहत होत्या. सासूबाईंनी बोटाची शाई त्यांच्या नाकासमोर नाचवली.

"दाबलं बरं का! शिडीचंच दाबलं."

मी म्हटलं, "अहो आई, शिडी कशी? इस्त्री ना?"

"इस्त्रीच होती माझ्या डोक्यात, तू शिकवलेली," त्या मला म्हणाल्या. "पण परवा ही खिडकीखाली येऊन किती जीव तोडून सांगत होती! घरात हिचा आवाज फुटत नाही, आणि बाहेर कशी खणखणीत! म्हटलं, बदललं असेल काहीतरी. माझी पोरगी सांगतेय ना, मग तेच खरं."

वन्संनी त्यांचा हात धरला. ओठ हलले, आवाज काही आला नाही. मी समोरच होते, मला कळलं. "अगं आई, घरात होती ती मी होते," म्हणत होत्या.

मला इतकं रडू आलं की मी पदर तोंडात धरला.

"काय म्हणतेय गं ती?" सासूबाईंनी मला विचारलं.

वन्संनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. नको.

"म्हणतायत, बरोबर दाबलंत," मी सांगितलं.