तेवीस बाउट, तेवीस सुट्ट्या

माझं शेवटचं पोस्टिंग परदेशात : एटोबिको, मुलाच्या घराचं बेसमेंट. ऑर्डर सूनबाईंनी काढली, मूव्हमेंट मुलाने केली. रिपोर्टिंग टाइम सकाळी ०५३०, कारण त्या वेळी वॉशरूम मोकळं असतं. ड्यूटी दोन : ड्राइव्हवे शोव्हल करणे आणि नातवाला स्कूलबसपर्यंत पोचवणे. गेल्या विंटरमध्ये इतका बर्फ पडला की शोव्हल करता करता मी शेजाऱ्याची गाडीच उचलून त्याच्या गॅरेजात ठेवली. त्याला अजून वाटतं बायकोने पार्क केली.

नातू म्हणतो, "आजोबा, दॅट्स नॉट ट्रू."

त्याला मी सांगतो, मी फौजेत अठ्ठावीस वर्षं क्लार्क होतो. खरं काय ते कागद ठरवतो.

जानेवारीत सुभेदार बलबीर सिंगचा फोन आला. रिटायर झाल्यावर हा गडी इथे बॉक्सिंग क्लब चालवतो, विमानतळाकडच्या गोदामांच्या रांगेत. छपरावरून विमानं इतकी खाली येतात की त्याची पोरं न शिकवता डक करतात.

"क्लार्क साहब, मिडलवेट की ट्रॉफी कर्नल मोहिते साहब के नाम से रखनी है. तेईस बाउट, एक भी हार नहीं. आप हर बाउट में जज थे. साइटेशन आप लिख दो."

"लिख दूँगा. पढ़ेगा कौन?"

"खुद कर्नल साहब. कहते हैं, माइक पर उनकी आवाज अच्छी है."

फोन ठेवला आणि बेसमेंटमध्ये एकटाच इतका हसलो की वरून सूनबाईंनी विचारलं, बाबा, गोळी घेतलीत ना? तीस-एक वर्षं मी एक ठोसा खिशात घेऊन फिरत होतो. मारायला जागा मिळत नव्हती. आता जागा, वेळ आणि माइक, तिन्ही मिळाले.

आधी माणसाबद्दल. तेव्हा ते कॅप्टन मोहिते होते, आमच्या कंपनीत. वजन पंचाहत्तर किलोच्या आत, उंची भरपूर. सूड घ्यायचाय म्हणून त्यांची कला नाकारणार नाही. डावा जॅब असा की नुसत्या वाऱ्याने तंबूतला कंदील विझायचा. फुटवर्क असं की ताज्या बर्फावर पावलं उमटत नसत. एवढं सगळं देवाने दिलं होतं. समोरचा माणूस मात्र मी द्यायचो.

कारण यादी मी करायचो. हवालदार क्लार्क साळवी. टाइपरायटर माझा, शिक्का माझा, रजेचं रजिस्टर माझं. वर जज-कोर्स केलेला, त्यामुळे बाउटला रिंगशेजारची खुर्चीही माझी. जज-कोर्सला आमचा इन्स्ट्रक्टर सांगायचा, बॉक्सर किती मोठा हे त्याच्या विजयांवरून बघू नका. समोर कोण उभा होता ते बघा, आणि तो कशासाठी उभा होता ते बघा.

आमच्याकडे समोरचा सुट्टीसाठी उभा असायचा.

साहेबांचा नियम होता : माझ्याशी जो मर्दासारखा लढेल, त्याला तीस दिवसांची सुट्टी. नियम चांगल्या मनाने केलेला होता. पण दोन बाउटमध्येच कंपनीला कळलं की मर्दासारखं लढायचं आणि दुसऱ्या राउंडमध्ये झोपायचं. सिपाही निकम झोपला, त्याचं घर गळत होतं. कंपनीचा कुक झोपला, त्याला फक्त घरचं जेवायचं होतं. लान्स नाईक पवारच्या बहिणीचं लग्न ठरलेलं. घाईघाईत तो ठोसा यायच्या आधीच पडला. साहेबांना ठोसा खाली वाकवून त्याच्यापर्यंत न्यावा लागला.

बाउट झाला की साहेब घाम पुसत टेबलाशी यायचे. मी कागद ठेवायचो, बोट ठेवायचो, ते बोटाखाली सही करायचे. वाचायचे कधीच नाहीत. एकदा पैजेवर मी कंपनीच्या खेचराला दहा दिवसांची कॅज्युअल लीव्ह मंजूर करून घेतली होती. खेचर गेलं नाही, ती गोष्ट वेगळी.

असे बावीस बाउट झाले.

तेविसावा नाईक दत्ताराम गावडे. कुडाळकडचा, बोलायला थोडका. माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायचा. आमच्या पोस्ट उंचावर बर्फात होत्या. खिंड बंद व्हायला आली होती. शेवटचा कॉन्व्हॉय दुसऱ्या दिवशी सकाळी ०६०० ला खाली उतरणार होता. कंपनीसाठी गाडीत एकच जागा. दत्तूची बायको सातव्या महिन्यात होती. जागा त्याचीच होती. फक्त तीन वाजता रिंगमध्ये जाऊन पडायचं होतं.

"दत्त्या, दुसऱ्या राउंडमध्ये पड," मी ग्लव्हज बांधताना म्हणालो. "सकाळी सहाला गाडी."

"बाबू, घराक जावन काय सांगू? पडान इलंय म्हणान?"

"बायकोला कोण सांगायला जातंय?"

"मी सांगतलंय ना. माका खोटा बोलाक येणा नाय. तां काम तुजा."

रेड कॉर्नर, कॅप्टन मोहिते. ब्लू कॉर्नर, दत्तू. पहिला राउंड बरोबरीचा. दुसरा राउंड, एक मिनिट चाळीस सेकंद : दत्तूचा उजवा हात साहेबांच्या जबड्यावर. साहेब खाली. सगळी कंपनी इतकी गप्प झाली की रेफरीचा काउंट पलीकडच्या डोंगरावरून परत ऐकू येत होता. आठला साहेब उठले. तिसरा राउंड त्यांनी दत्तूच्या गळ्यात पडून काढला.

तीन जज. एकाने ब्लू दिला, एकाने रेड. तिसरं कार्ड माझं. अमॅच्युअर बॉक्सिंगमध्ये माणूस खाली पाडला तरी तो एकच ठोसा धरतात. त्या नियमाच्या आड मी लपलो. साठ-एकोणसाठ. रेड.

दत्तूने माझ्याकडे पाहिलं. मग दातांनी ग्लव्हजची दोरी सोडवायला लागला.

साहेब नाकात कापूस घालून टेबलाशी आले.

"गावडेत दम आहे. त्याला तीन नंबर पोस्टला पाठवा. सुट्टी पुढच्या मोसमात."

"येस सर."

मी एक कागद ठेवला. त्याच्याखाली दुसरा ठेवला. दोन्हींवर बोट ठेवलं. दोन्हींवर सही झाली. सकाळी ०६०० ला गाडी सुटली. एकही जागा रिकामी नव्हती.

तीन नंबर पोस्टवर चार माणसं होती. रेडिओचं लॉगबुक मी नंतर वाचलं, गाडी गेल्यावर एकविसाव्या सकाळचं. त्यातलं जसंच्या तसं देतो, यात माझा मसाला नाही.

०६००. "तीन नंबर, रिपोर्ट. ओव्हर." "तीन नंबर ओके. बर्फ चालू है. ओव्हर."

०७००. "तीन नंबर, रिपोर्ट. ओव्हर." जवाब नहीं.

०७०५. जवाब नहीं.

०७१०. जवाब नहीं.

ऑपरेटरने असं अकरा वेळा लिहिलंय. शेवटच्या ओळीत पेन्सिलीचं टोक तुटलेलं दिसतं. डोंगरावरचा सगळा बर्फ पोस्टवर आला होता.

दत्तूला मुलगी झाली. वैदेही. ती इकडे सस्काटूनला स्टुडंट म्हणून आली, आता तिथेच एका केअर होममध्ये नर्स आहे. मी तिला फोन केला. "बेटा, तुझ्या बाबांच्या एका बाउटबद्दल कर्नलसाहेब बोलणार आहेत. येशील?" तिने शिफ्ट बदलून घेतली आणि आली.

शनिवारी, दुपारी १४००. क्लबमध्ये रिंगभोवती खुर्च्या. माजी सैनिक, त्यांची कुटुंबं, बलबीरची पोरं. साहेब विंडसरहून मुलाच्या गाडीने चार तास बसून आले. ब्लेझर, मेडल्स, पाठ अजून सरळ. आले ते थेट माझ्याकडे.

"साळवी! जास्त चढवलं नाहीस ना?"

"एक शब्द जास्त नाही, साहेब."

"आधी एकदा वाचून बघू का?"

"साहेब, तुम्ही कधी वाचलंय?"

खो खो हसले. फोल्डर घेतलं आणि माइककडे गेले. मी पहिल्या रांगेत वैदेहीच्या शेजारी बसलो.

"समोर आपली माणसं आहेत, मराठीतच वाचतो," ते म्हणाले. "बाउट एक. सिपाही शंकर निकम. दुसऱ्या राउंडमध्ये नॉकआउट." टाळ्या. "सोमवारपासून तीस दिवस सुट्टीवर."

काही लोक हसले. त्यांना ती गंमत वाटली.

"बाउट दोन. कुक बाबाजी माने. दुसऱ्या राउंडमध्ये नॉकआउट. सोमवारपासून तीस दिवस सुट्टीवर. बाउट तीन. लान्स नाईक पवार. दुसऱ्या राउंडमध्ये..."

पाचव्या नावाला टाळ्या थांबल्या. सातव्याला मागून कोणीतरी हसलं. नवव्याला साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, जशी टेबलाशी हलवायचो. हातात घेतलेला हुकूम अर्ध्यात सोडायची त्या माणसाला सवयच नव्हती. ते वाचत राहिले. प्रत्येक नावाबरोबर त्यांच्या ट्रॉफीचा एकेक टवका उडत होता आणि तो उडवणारा आवाज त्यांचाच होता. खोटं कशाला सांगू, इतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलं नाही.

"बाउट तेवीस. नाईक दत्ताराम गावडे. दुसरा राउंड, एक मिनिट चाळीस सेकंद."

थांबले.

"वाचा, साहेब," मी बसल्या जागेवरून म्हणालो.

"कॅप्टन मोहिते खाली. काउंट आठ. निकाल रेड, दोन विरुद्ध एक. गावडे तीन नंबर पोस्टवर." त्यांनी बोट कागदावर ठेवलं. "सकाळच्या कॉन्व्हॉयने तीस दिवस सुट्टीवर..."

माइक चालू होता.

"साळवी, इथे तुझं नाव आहे."

"हो साहेब. जज नंबर तीन. दुसरा कागद तो होता."

मी उभा राहिलो. अटेन्शनमध्ये. वैदेहीकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून साहेबांकडे बघून बोललो.

"गावची जत्रा होती. घरात कोणी आजारी नव्हतं. कोणाचं लग्न नव्हतं. दत्तूच्या जागेवर बसून मी खाली गेलो. तीन आठवडे मटण खाल्लं आणि पारावर बसून गप्पा ठोकल्या, मी कसा शत्रूला धूळ चारतो त्याच्या. बाविसाव्या दिवशी तार आली."

डोक्यावरून एक विमान गेलं. या वेळी कोणी डक केलं नाही.

साहेबांनी कागद फोल्डरवर सरळ केला. मग माइकपासून तोंड बाजूला घेऊन म्हणाले, "मी पडलो होतो. हे मला तेव्हाही माहीत होतं."

"मलाही, साहेब."

"दुरुस्तीही तू लिहून आणली असशीलच. कुठे आहे?"

"शेवटच्या पानावर."

त्यांनी पेन काढलं. "कुठे सही करू?"

मी वर गेलो आणि जुन्या सवयीने बोट ठेवलं. साहेबांनी माझं बोट बाजूला सारलं आणि पान पहिल्या शब्दापासून वाचलं. मग परत एकदा वाचलं. बाउट तेवीस, विजेता ब्लू. सही केली. खाली मी केली. मग त्यांनी ट्रॉफी बलबीरच्या हातात दिली. "इस पर मेरा नाम मत लिखना," म्हणाले आणि पुढच्या रांगेत न बसता भिंतीशी जाऊन उभे राहिले.

मी खुर्चीवर परत आलो. मला वाटलं होतं वैदेही उठून गेली असेल. ती तिथेच होती, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"काका, कुठल्या हाताने?"

"काय?"

"बाबांनी पाडलं ते. कुठल्या हाताने?"

"उजव्या."

तिने आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला. माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानंतर आजवर तिने मला फोन केलेला नाही, आणि मी केला तर उचलत नाही.

ट्रॉफीच्या पाटीवर आता चार नावं आहेत. नाईक दत्ताराम गावडे. लान्स नाईक विष्णू घाडगे. सिपाही मारुती शेलार. सिपाही रघुनाथ तांबे. तीन नंबर पोस्ट. एवढंच. मी रोज ०५३० ला उठतो. ०६०० ला ती नावं एकदा मोठ्याने घेतो. ०७०० ला परत घेतो, कारण तेव्हा कोणीतरी जवाब द्यायला हवा.