टाकीच्या झाकणावरचं कुंकू

फोन नारायणभाऊंच्याच नंबरवरून आला, म्हणून मी ‘हॅलो’ न म्हणताच विचारलं, “झाली का सुरू?” पलीकडे कुणी अनोळखी बाई होती. म्हणाली, “भाऊ, हा फोन ज्याईचा आहे ते बाभळीखाली बसल्या बसल्या गेले... तुमचाच नंबर वरती होता.” सायकल शेजारीच स्टँडवर उभी आहे, हे तिनं मला दोनदा सांगितलं. बिचारीला दुसरं काय सांगावं ते सुचत नसावं.

याला आता सव्वा महिना झाला. बार्शीटाकळीच्या शाळेत मी मराठी शिकवायचो आणि नारायणभाऊ प्रयोगशाळा सांभाळायचे. निवृत्तीनंतर त्यांचं हृदय कमजोर निघालं आणि सायकल अजिबात मारायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पण शेत दोन कोसांवर, आणि एक चक्कर मारल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. स्कूटर घ्या म्हटलं तर म्हणाले, “या वयात नवी सवारी नाई शिकत मी, सर.” मग अकोल्याहून पेट्रोलचं लहानसं इंजिन आणून त्यांनी जुन्या सायकललाच बसवून घेतलं. दोन-चार पायडल मारून क्लच सोडला की ते फटफट करत पेटायचं. गाव हसलं, आणि नारायणभाऊ गावापेक्षा मोठ्यानं हसले.

पहिल्या दसऱ्याला त्यांच्या पत्नी कुसुमवहिनी मुलीच्या बाळंतपणासाठी अचलपूरला होत्या, म्हणून गाडीची पूजा माझ्याकडे आली. “याचं कपाळ कोनतं हो, सर?” त्यांनी विचारलं. मी टाकीचं झाकण निवडलं. वहिनी नाहीत म्हणून दोन बोटं जास्तच, चांगलं ओलं कुंकू थापलं, वर अक्षता. पुढं मी ते पुसायला गेलो तर म्हणाले, “राहू द्या ना, तुमच्या हातचं आहे.”

दिवाळीच्या आसपास इंजिनानं खोड धरली. मैल-दीड मैल गेलं की बंद, आणि मग काही केल्या सुरू होईना. प्रयोगशाळेतला माणूस घाबरतो थोडाच! त्यांचा क्रम ठरलेला होता. “आधी टाकी उघडून पेट्रोल पाहाचं, मंग प्लग, मंग वायर. नंबर चुकवाचा नाई.” तसं केलं की ते हमखास सुरू व्हायचं. आम्ही प्लगला शिव्या द्यायचो. तीन प्लग बदलले. अकोल्याच्या मिस्त्रीनं कार्बोरेटर खोलून धुतला, वायर बदलली, पण दुखणं हटेना. मी मात्र या सगळ्याला कंटाळत चाललो होतो. आज ते लिहितानाही लाज वाटते.

ते गेले त्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला तेव्हा मी नुकताच आडवा झालो होतो. “सर, नाई होऊन राह्यली सुरू. टाकी पायतो आता.” मी वैतागून म्हणालो, “अहो, कालच माझ्यासमोर गळ्यापर्यंत भरली ना? टाकी कशाला उघडता? सरळ प्लग बघा.” ते म्हणाले, “बरं. तुमी म्हन्ता तं तसं.” आयुष्यात बहुधा तेवढ्या एकाच वेळी त्यांनी क्रम मोडला, तोही माझ्या शब्दाखातर. त्यांनी प्लग पुसला. इंजिन लागलं नाही. मग वरून ऊन आणि खाली इंजिनाचं वजन, अशी ती सायकल ते पायांनी मारत निघाले.

तेराव्यानंतर वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, एकडाव सुरू करून द्या. मंग नेऊ द्या ज्याले न्यायची त्याले.” मी अंगणात बसलो आणि त्यांच्याच क्रमानं गेलो. आधी टाकी. झाकण काढून उजेडात धरलं. त्याच्या मधोमध सुईएवढं छिद्र असतं, पेट्रोल खाली उतरेल तशी आत हवा यावी म्हणून. ते लाल खड्यानं बुजलं होतं. हवा नाही, तर टाकी भरलेली असून इंजिन उपाशी. दर वेळी आम्ही पेट्रोल पाहायला झाकण उघडायचो तेव्हा हवा आत जायची, आणि श्रेय प्लगला मिळायचं.

वहिनींकडून पिन मागून घेतली. वाळलेल्या कुंकवाचा एक कण तळहातावर पडला. सायकल स्टँडवर चढवून पायडल मारलं तर इंजिन दुसऱ्याच फेरीला लागलं आणि चालतच राहिलं. बंद पडावं म्हणून मी कितीतरी वेळ वाट पाहत होतो.

“काय झालतं हो त्याले?” वहिनींनी दारातून विचारलं.

“प्लग,” मी म्हणालो. पिन धोतराला पुसून त्यांना परत दिली.

सायकल त्यांनी कुणालाच दिली नाही. ओसरीत उभी आहे, झाकणावर कुंकवाचा फिकट डाग तसाच आहे. येता-जाता वहिनी फडक्यानं सगळी गाडी पुसतात आणि तेवढी जागा सोडतात. नारायणभाऊंनी राहू दिलं होतं म्हणून. मला ते बघवत नाही.

रविवारची पुरवणी त्या अक्षर न् अक्षर वाचतात. हेही वाचतील.

वहिनी, प्लग नव्हता.