खंदारे गुरुजींचा शनिवारचा खेळ

खंदारे गुरुजी प्रश्न तयार करत आणि मग त्या प्रश्नालाच घाबरत. शनिवारच्या खेळासाठी काढलेला प्रत्येक प्रश्न ते आधी बायकोला विचारत, मग हॉटेलवाल्या गफूरभाईंना आणि शेवटी पालमच्या गाडीच्या कंडक्टरला. तिघांकडून एकच उत्तर आलं तर प्रश्न पास. एकानं जरी वेगळं काही सांगितलं तरी गुरुजींचा चेहरा उतरायचा आणि तो प्रश्न कायमचा बाद व्हायचा. कंडक्टर एकदा वैतागून मला म्हणाला, "बाई, तुमच्या मास्तरला सांगा, आधी तिकिटं तर फाडू द्या. ह्या वयात मी परीक्षा किती द्यायच्या?"

मी त्या गावच्या शाळेत चौऱ्याहत्तर साली लागले. घर सोडून पहिल्यांदाच एकटी राहत होते आणि मला विंचवापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांची भीती वाटे. गुरुजी चाळिशीचे. छप्पन साली ऐन तरुणपणात दीक्षा घेतलेले, खालच्या आळीत, म्हणजे बौद्धवस्तीत, बायको, म्हातारी आई आणि तीन मुली यांच्यासह राहणारे. मला वाटायचं, एवढ्या अनुभवाचा माणूस धीट असेल. पण पहिल्याच आठवड्यात कळलं की या शाळेत माझ्याहून भित्रं कुणी असेल तर ते गुरुजी. मग आमचं चांगलं जमलं.

खेळाची सुरुवात मोठी गमतीची. ग्रामपंचायतीचा रेडिओ शाळेच्या मोठ्या खोलीत असे. शनिवारी बाजार उरकून माणसं तो ऐकायला येत. तो बिघडला, दुरुस्तीला गेला आणि गेला तो गेलाच. माणसं मात्र सवयीनं येऊन रिकाम्या फळीकडे बघत बसत. गुरुजींना त्यांची दया आली आणि ते प्रश्न विचारू लागले. वरची आळी विरुद्ध खालची आळी. उत्तर बरोबर आलं की मी घंटेवर टोल द्यायचा. जिंकणाऱ्याला अंगाच्या साबणाची वडी. त्या वडीसाठी मिशीवाले बाप्ये शाळकरी पोरांसारखे हमरीतुमरीवर येत. खालच्या आळीचा हुकमी एक्का म्हणजे सटवा, नुकतंच लग्न झालेला, सालदारकी करणारा गडी. त्याचं उत्तर चुकल्याचं मी कधी पाहिलं नाही. साबण जिंकला की वरच्या आळीकडे बघून तो मुद्दाम वास घेई.

एकदा मीही हौसेनं एक प्रश्न काढून दिला. 'गावात सर्वांत गोड पाणी कोणत्या विहिरीचं?' गुरुजींनी तो वाचला आणि आधी दाराकडे पाहिलं.

"बाई, ह्याला दोन उत्तरं हायत."

"दोन कशी? सगळे म्हणतात पाटलांच्या विहिरीचं."

"सगळे म्हंजे वरच्या आळीचे. खालच्या आळीत कुणी उठून म्हनलं, आमाला काय ठावं, आमाला कोन पिऊ दिलंय? मग घंटा वाजवायची का न्हाई वाजवायची?"

गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "प्रश्न इचारायच्या आधी उत्तर कुनाच्या घरी ऱ्हातंय ते बघावं. उत्तर देनाऱ्याचं काय जातंय? चुकला तर लोक हसतेत. इचारनाऱ्याला गाव सोडावं लागतंय." त्या दिवसापासून त्यांच्या भित्रेपणाला हसणं मी सोडून दिलं.

पुढे आणीबाणी आली. शहरात काय चाललं होतं ते आम्हाला फारसं कळत नव्हतं. आम्हाला कळली ती नसबंदी. प्रत्येक मास्तरनं केसेस आणायच्या, नाही आणल्या तर पगार बंद. जीपचा आवाज आला की गावातले पुरुष ज्वारीत घुसत आणि अंधार पडेपर्यंत बाहेर येत नसत. शेजारच्या गावात बिनलग्नाच्या पोराला उचलून नेल्याचं ऐकलं, तेव्हा माझी झोप उडाली. गुरुजींच्या नावावर एकही केस नव्हती. कुणाला 'चल' म्हणायची त्यांच्यात हिंमत नव्हती आणि वरिष्ठांना 'नाही' म्हणायचीही नव्हती.

शहात्तरच्या हिवाळ्यात तालुक्याहून एक साहेब आले. त्यांनी हेडमास्तरांना, गुरुजींना आणि मला ऑफिसात बसवून घेतलं. साहेब अगदी गोड बोलत होते, आणि मला त्या गोड बोलण्याचंच भय वाटत होतं.

"आमची जीप दिसली की लोक पळतात. तुमच्या खेळाला मात्र हौसेनं येतात. या शनिवारी मोठा खेळ ठेवा. बक्षीस ट्रान्झिस्टर. मी एसटीनं येईन, पाहुणा म्हणून. ट्रक मागाहून येईल. खेळ संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, ही जबाबदारी गुरुजींची." मग जाता जाता, सहज विचारल्यासारखं, "तुम्हाला स्वतःला किती मुलं, गुरुजी? तीन ना?"

साहेब गेल्यावर मी म्हटलं, "घरोघर जाऊन सांगू या का?" ते म्हणाले, "सांगितलं की सांगनारा सापडतो बाई. निलंबन तर ठरलेलंच, वरून आत टाकतेत. मंग माझ्या पोरींनी कुनाच्या तोंडाकडं बघायचं?" खरं सांगायचं तर त्यांनी नाही म्हटल्यावर मला सुटल्यासारखंच वाटलं.

शनिवारी हेडमास्तरांना ताप आला. तो येणार हे आम्हाला आदल्या दिवशीच ठाऊक होतं. सकाळी गुरुजी मला म्हणाले, "बाई, ती सुकडीची पोती जरा सरकवू लागा." खोलीच्या टोकाला पोरांच्या खाऊची, सुकडीची पोती रचलेली असत. मला वाटलं उंदीर झाले असतील. पोती हलवली तर मागे एक बुटकं दार. ओढ्याच्या बाजूला उघडणारं ते दार मी दोन वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. गुरुजींनी कडी काढून पाहिली, दार पुन्हा लोटलं आणि हात झटकले.

दुपारी खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. ट्रान्झिस्टर टेबलावर, साहेब खुर्चीवर. पुढेच बहिरे नामाआबा बसलेले. त्यांना एक अक्षर ऐकू येत नसे, पण घंटा वाजताना माझा हात हललेला दिसला की ते टाळ्या वाजवत. मागच्या भिंतीला टेकून सटवा. गुरुजींनी पहिला प्रश्न विचारला, जिल्ह्यातल्या दोन मोठ्या नद्यांचा. "गोदावरी आन् पूर्णा!" मी टोल दिला. दुसरा प्रश्नही असाच साधा. तेवढ्यात बाहेर ट्रक येऊन थांबला. बाजारचा दिवस, कापसाचे ट्रक येत-जात असतात, त्यामुळे कुणी मान वळवली नाही. दोन माणसं येऊन पुढच्या दारात उभी राहिली. साहेब किंचित हसले.

गुरुजींनी हातातली चिठ्ठी खिशात घातली. त्यांच्या धोतराचा सोगा थरथरत होता, मला तो स्पष्ट दिसत होता.

"आता निरीक्षनाचे प्रश्न," ते म्हणाले. "ह्या खोलीला दारं किती?"

"एक!" वरची आळी ओरडली. "दोन," सटवा म्हणाला. "लहानपनी त्याच दारानं पळून जायचो की आमी." लोक हसले. मी टोल दिला.

"म्होरच्या दारासमोर आत्ता काय उभं हाय?"

खिडकीजवळच्या एकानं वाकून पाहिलं. "टरक."

"बरूबर. ट्रकात माल किती हाय?"

"रिकामाच दिसायलाय, गुरुजी."

"बरूबर. बाजारच्या दिवशी रिकामा ट्रक काय न्यायला येतो?"

या प्रश्नाला कुणीच उत्तर दिलं नाही. साहेब खुर्चीत पुढे सरकले. "हे कसले प्रश्न, गुरुजी?"

"निरीक्षनाचे, साहेब. वीस कलमी कार्यक्रमाचे पुढं हायत." आणि मग ते सटवाकडे बघून म्हणाले, "शेवटचा. मागलं दार कुठं जातंय?"

ज्याचं उत्तर कधी चुकलं नव्हतं तो सटवा उभा राहिला. गुरुजींकडे क्षणभर पाहत राहिला. म्हणाला, "याद न्हाई, गुरुजी. बघून येतो."

तो गेला. "मी बी बघून येतो," म्हणत दुसरा उठला. मग सगळीच खोली उठली. वरची आळी, खालची आळी, सगळे त्या बुटक्या दारातून वाकून, एकमेकांच्या पाठीवर हात टेकत, ओढ्यात उतरले आणि पलीकडच्या बौद्धवस्तीत घुसले. पाटलांचा थोरला त्या दिवशी वस्तीतल्या रांजणातलं पाणी दोनदा मागून प्याला, असं सटवा पुढे सांगत असे. दारातली माणसं बाकं ओलांडून येईपर्यंत खोली रिकामी झाली होती. साहेबांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता.

"काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

"मी कायच सांगितलं न्हाई, साहेब. मी निस्तं इचारलं."

"असं? मग चला. आज तुमच्या नावावर एक तरी केस लागेल."

खोलीत गावाची म्हणून आम्ही तिघंच उरलो होतो. गुरुजी, मी आणि नामाआबा. आबांना काहीच ऐकू गेलं नव्हतं. पुढचा प्रश्न कधी येतो म्हणून ते अजून मांडी घालून बसले होते. त्या माणसांनी दोघांनाही ट्रकात चढवलं. मी घंटा धरून उभी राहिले.

चार-पाच दिवसांनी गुरुजी एसटीतून उतरले, पाय फाकून सावकाश चालत. आबांची जखम चिघळली, ती महिनाभर भरली नाही. सत्तर वर्षांच्या माणसावर कसली नसबंदी केली ते त्या साहेबालाच ठाऊक. गुरुजींना भेटायला आख्खं गाव लोटलं, पाटीलसुद्धा वस्तीत येऊन खाटेजवळ बसले. सगळे त्यांना वाघ म्हणत होते. गुरुजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला एकटीला म्हणाले, "आबाला ऐकू येत न्हाई हे मला ठावं होतं, बाई. सगळ्यांसाठी प्रश्न काढले. त्याच्यासाठी कुठं काढला?"

त्यानंतर त्यांनी प्रश्न विचारणं सोडलं. खेळ बंद झालाच, पण वर्गातही ते नुसतं सांगत, पोरांना काही विचारत नसत. साधं 'जेवलात का' असंसुद्धा त्यांच्या तोंडून निघेना. महिनाभरानं निलंबन झालं, सत्त्याहत्तरला ते मागे घेतलं गेलं आणि त्यांची बदली पूर्ण्याजवळच्या एका खेड्यात झाली. माणूस तोच होता, पण त्याच्याशी बोलताना मला एकटं वाटायचं.

त्याच वर्षाच्या दिवाळीनंतर सटवाला मुलगी झाली. ती सव्वा महिन्याची होताच तो, त्याची बायको आणि मी गुरुजींना भेटायला गेलो. गुरुजी ओसरीवर बसले होते, केस पार पिकलेले. सटवानं पोर त्यांच्या मांडीवर ठेवलं. गुरुजींनी पोर असं अवघडून धरलं की त्याची बायको घाबरून पुढे झाली. पोरीनं डोळे उघडले आणि त्यांच्याकडे टक लावून पाहिलं.

मग गुरुजींनी विचारलं, "ही मला भ्यायलीय का रं?"

वर्षभरात मी त्यांच्या तोंडून ऐकलेला तो पहिला प्रश्न.

"न्हाई, गुरुजी," तो म्हणाला. "ती अजून कुनालाच भीत न्हाई."