डोळे मिटले की बाई जातात

गेल्या महिन्यात एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, माझ्या वर्गातली एक मुलगी नाहीशी झाली. पाच-सात मिनिटांचीच गोष्ट... पण त्या मिनिटांत माझं काय झालं ते माझं मला ठाऊक.

मी सीमाभागात, बेळगुंदीच्या बाजूच्या एका खेड्यात मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. एकाच खोलीत दोन वर्ग, मिळून एकोणीस मुलं. सकाळी गुणी बाळं असतात, पण दुपारचं भात-सांबार पोटात गेलं की त्यांच्या अंगात येतं. कुणी खिडकीत, कुणी कुणाच्या उरावर...

म्हणून जूनमध्ये मी एक उपाय काढला. हात-तोंड धुऊन आलं की बस्करं पसरायची, खिडक्या ओढून घ्यायच्या, आडवं व्हायचं आणि पोटावर हात ठेवून 'पोटातल्या भाताला झोपवायचं'. हात सावकाश वर, सावकाश खाली... भात जागा होईल म्हणून कुणी बोलायचं नाही. दहा मिनिटांत वर्ग असा निवायचा की शेजारच्या वर्गाचे गुरुजी येऊन बघून गेले. मी जरा फुगलेही.

आता कबुली देते. मुलांना वाढण्यात माझं जेवण राहायचं. मग सगळ्यांचे डोळे मिटले की मी चप्पल हातात घेऊन गुपचूप ऑफिसात जायची आणि चार घास पोटात ढकलून यायची. मुलांना पत्ता लागत नाही, हा माझा समज.

एकच मुलगी डोळे मिटायची नाही. पहिलीतली, आपण तिला गौरी म्हणू. दसऱ्याच्या सुट्टीआधी छान पडून राहायची, पण सुट्टी संपवून आली ती टक्क उघडे डोळे घेऊनच. नुसती माझ्याकडं बघत राहायची. मी समजावलं, रागावले... आणि त्या मंगळवारी तिला भिंतीकडं तोंड करून झोपवलं. तिनं डोळे घट्ट मिटले. मला वाटलं, जिंकले!

डबा खाऊन आले तर तिचं बस्कर रिकामं.

संडास बघितला, पाण्याची टाकी बघितली, स्वयंपाकखोलीच्या मागं बघितलं. शाळेचं गेट उघडं होतं आणि समोर रस्ता... त्यावरून दिवसभर खडीच्या गाड्या धावतात. मी तशीच गेटकडं पळाले.

तेवढ्यात शाळेत स्वयंपाक करणाऱ्या शांताआक्का तिचा हात धरून येताना दिसल्या. "बाई, ही बघा. रस्ता वलांडून स्टॉपवर बसल्ती एकटीच."

खोटं कशाला बोलू, माझा हात उठला होता. भीती वाटली की मला आधी रागच येतो. "मला न सांगता कुठं गेली होतीस?" म्हणून ओरडले. ती रडलीसुद्धा नाही. म्हणाली, "तुमी बी न सांगताच गेलासा की."

माझा हात खाली आला.

बाकीचं शांताआक्कांकडून कळलं. सुट्टीत गौरीची आई काजूच्या फॅक्टरीत लागली, दुपारची पाळी. पोर पायाला मिठी मारते, न्यायला आलेली गाडी काही थांबत नाही. मग सुट्टीभर रोज जेवू घालून, थोपटून तिला झोपवायची आणि चुकवून जायची. पोर उठायची तेव्हा आई नसायची. फॅक्टरीची गाडी ज्या स्टॉपवर येते, तिथंच ती जाऊन बसली होती.

पोराला चुकवून जाणं आपल्याकडं घरोघरी चालतं. मीही केलंय. जाऊबाई माझ्या मुलाला परसात कावळा दाखवायच्या आणि मी पुढच्या दारानं बस गाठायची. त्याचं रडणं वाचवतेय असं वाटायचं. वाचायचं ते फक्त माझं ते रडणं ऐकणं.

दुसऱ्या दिवशी गौरीची आई आली, मान खाली घालून. मी चार शब्द सुनावणार, अशा तयारीनंच आलेली. "लई रडतीया म्हणून चुकवून जातो ओ बाई..." एवढंच म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. मी तिला म्हटलं, तुझं चुकलं असेल तर माझं दुप्पट चुकलंय. माझ्या ताब्यात एकोणीस होती.

आम्ही दोघींनी ठरवलं, इथून पुढं तिला सांगून जायचं; आईनं सकाळी शाळेला धाडतानाच. घरी गौरीनं तीन दिवस दारात लोळण घेतली, आणि आई तिला शाळेत सोडून रडत रडत गाडीत चढली. चौथ्या दिवशी म्हणे नुसताच हात हलवला.

वर्गातही मी सगळ्यांना सांगितलं, की तुम्ही भाताला झोपवा, मी जेवून येते, तोवर शांताआक्का दारात बसतील. पण गौरीचे डोळे काही मिटेनात. मग मी तिच्या शेजारीच डबा उघडायला लागले. पुढच्या आठवड्यात जरा लांब, मग उंबऱ्यात... घाई केली नाही. गेटला कडी मात्र त्या मंगळवारीच बसवून घेतली होती.

परवा मी उंबऱ्यात बसून पहिला घास मोडत होते. खोली शांत, एकोणीस हात वर-खाली. गौरीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "जावा बाई, निवांत जेवून या. मी हाय हितंच."

आणि खरंच डोळे मिटले.

गेले मी ऑफिसात, या वेळी चप्पल पायात घालून. एवढ्या लवकर मोठी माणसं माफ करत नाहीत हो... गौरी, तुझे उपकार गं.