लक्षणं होती, डॉक्टर

बापूंचा फोन आला तेव्हा मी खराडीच्या ऑफिसात होते. समोर पडद्यावर कसलातरी आलेख होता आणि कोणीतरी त्यावर बोलत होतं. बापू म्हणजे माझे मोठे दीर. ते कामाच्या वेळेत कधी फोन करत नाहीत. "सुजाता, शकू गेली," एवढंच म्हणाले आणि फोन बंद करायचा विसरले... पलीकडून ट्रॉलीच्या चाकांचा आवाज किती तरी वेळ येत राहिला. शकूताई माझी मोठी जाऊ. तिला जाऊन काही आठवडे झाले. भेटणारे विचारतात, आता जरा शांत वाटतं का? नाही वाटत. शांत वाटू नये म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

धायरीत चहूबाजूंनी इमारती उठल्या तरी घरामागचा तुकडा शकूताईनं कुणाला विकू दिला नाही. तिथं तिनं रोपवाटिका काढली. तिचा आवाज असा, की समोरच्या सोसायटीतल्या बाई गॅलरीत दिसल्या की ही खालूनच ओरडायची, "वैनी, तुळशीला पाणी कमी घाला, मुळं कुजत्यात!" आणि अख्खी सोसायटी आपापल्या तुळशीकडे बघायची. मी लग्न होऊन आले तेव्हा मला या आवाजाची भीतीच वाटायची. पुढे ऑफिसातून दमून आले की तोच आवाज ऐकायला मी आधी मागच्या अंगणात जायला लागले.

त्या आवाजाला संध्याकाळी नाक लागायला लागलं, तिथून सगळं सुरू झालं. सकाळी ठणठणीत असायची. दिवस कलला की बोलणं गेंगाणं व्हायचं, डावी पापणी खाली यायची, भाकरीचा घास घशातच थांबायचा. "काय हाय कळंना गं, संध्याकाळी माझं अंगच माझं ऐकत न्हाई," ती म्हणायची. कोणीतरी शहरातल्या एका नामांकित मेंदूविकारतज्ज्ञांचं नाव सुचवलं. सकाळची वेळ मिळाली. बापूंबरोबर मीही गेले. बाहेरच्या खोलीत भिंतभर त्यांच्या लेखांची कात्रणं चौकटीत लावली होती, बरीचशी वर्तमानपत्राच्या याच पुरवणीतली, जिच्यात तुम्ही हे वाचता आहात. आत आम्ही बसलो आणि डॉक्टरांनी मेंदूच्या स्कॅनची फिल्म उजेडावर धरली. फिल्मकडे त्यांनी नीट पाहिलं, हे मान्य केलं पाहिजे. शकूताईकडे पाहिलं नाही.

"स्कॅन उत्तम आहे," ते बापूंना म्हणाले. "घरात नवीन सून वगैरे आली आहे का?"

"मागल्या वर्षी," बापू म्हणाले.

"मग बरोबर. या वयात होतं असं. लक्ष वेधून घ्यायचं असतं. त्यांना स्वतःलाही ते कळत नाही."

शकूताई म्हणाली, "सायेब, मला संध्याकाळी बगा. आत्ता काय दिसायचं न्हाई."

"संध्याकाळी मी क्लबमध्ये असतो," ते हसून म्हणाले. हाताखालचे दोन डॉक्टरही हसले. चिंता कमी व्हायच्या आणि झोप लागायच्या गोळ्या लिहून मिळाल्या. निघताना शकूताईनं त्यांना नमस्कार केला... तो नमस्कार मला अजून चावतो.

गोळ्यांनी ती आणखी ढिली पडली. मान धरवेना. आम्ही परत गेलो, तर डोस वाढवला. घरातही कुजबुज सुरू झाली, कारण एवढे मोठे डॉक्टर म्हणतात तर असेलही. सून बिचारी तिच्यासमोर यायला घाबरायची. आपलं दुखणं खरं आहे हे स्वतःच्याच घरात पटवत बसण्यात शकूताईचं वर्षाहून अधिक गेलं. मग एका संध्याकाळी पाणी पिताना ठसका लागला आणि श्वासच अडकला. तेव्हा विश्रांतवाडीला राहणाऱ्या माझ्या भावानं त्याच्या ओळखीच्या एका तरुण डॉक्टरबाईंकडे नेलं. त्या मूळच्या यवतमाळच्या. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, "मावशी, सकाळी कसं असतं आणि संध्याकाळी कसं असतं, ते सांगा." शकूताई बोलत राहिली, त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी तिला मोठ्यानं आकडे म्हणायला लावले. आवाज हळूहळू नाकात गेला. वर छताकडे बघत राहायला सांगितलं. पापणी हळूहळू उतरली. मग त्यांनी फ्रीजमधला बर्फ हातमोज्यात घालून त्या पापणीवर थोडा वेळ धरला आणि काढला. डोळा टक्क उघडला! मला वाटलं जादू झाली. "जादू नाही," त्या म्हणाल्या, "नसेचा निरोप स्नायूला पोचत नाही. थंडाव्यानं जरा वेळ पोचतो." मायस्थेनिया हे नाव आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. रक्ताच्या आणि नसांच्या तपासण्यांनी ते पक्कं झालं. आधीच्या गोळ्या त्यांनी त्याच दिवशी बंद केल्या आणि या आजारावरच्या सुरू केल्या. छातीचा स्कॅन केला, तर हाडामागे गाठ होती. या आजारात ती असू शकते, म्हणून शोधावी लागते. ती फुफ्फुसाच्या आवरणापर्यंत पोचली होती. मी विचारलं, वर्षभर आधी सापडली असती तर? डॉक्टरबाई म्हणाल्या, "तेव्हा ती बहुतेक पूर्ण निघाली असती."

ऑपरेशनच्या आधी शकूताईनं नामांकितांची वेळ घ्यायला लावली. त्या दिवशीची गोळी तिनं मुद्दाम घेतली नाही. पापणी पडलेली, हातात थर्मास. डॉक्टरांनी तिला ओळखलं नाही. तिनं थर्मासमधून बर्फ काढला, रुमालात गुंडाळून त्यांच्यासमोर डोळ्यावर धरला. रुमाल काढला आणि उघडा डोळा त्यांच्यावर रोखला.

"मनाचं व्हतं न्हवं? मग माझं मन बर्फानं कसं बरं झालं?"

त्यांनी फाइल चाळली. "हे बघा, तेव्हा लक्षणं स्पष्ट नव्हती."

"लक्षणं व्हती, डॉक्टर. तुमीच नव्हता."

हाताखालच्यांपैकी कोणी हसलं नाही. बाहेर गच्च भरलेल्या खोलीत ती थांबली आणि गेंगाण्या आवाजात सगळ्यांना म्हणाली, "ज्याला संध्याकाळी तरास होतो, त्यानं हितं येऊ नगा. सायेब क्लबात असत्यात." रिक्षात बसल्यावर ती इतकी हसली की धाप लागली. मला वाटतं, आजारपणातला तिचा सगळ्यात चांगला दिवस तोच.

पुढे ऑपरेशनात जमेल तेवढी गाठ काढली आणि नीट औषधांनी तिला काही वर्षं मिळाली. आवाज परत आला, तुळशी पुन्हा दटावल्या गेल्या. मग गाठ परत आली आणि यावेळी ती काढता येण्यासारखी उरली नव्हती. मी तक्रार केली आहे, तिची चौकशी चालू आहे, असं मला कळवतात. नामांकितांचे लेख अजून येतात. मागच्याच महिन्यात त्यांनी लिहिलं होतं, रुग्णाचं ऐकून घेणं हेच अर्धं निदान. मी तो लेख कापून फ्रीजवर लावला आहे. विसर पडू नये म्हणून.

रोपवाटिका आता बापू बघतात. शकूताईला गोळ्या दर काही तासांनी असायच्या, म्हणून तिनं फोनवर स्वतःच्याच आवाजात गजर लावून ठेवला होता. तो फोन शेडमधल्या खिळ्याला टांगलेला असतो. बापू तो रोज चार्ज करतात. गजर झाला की कुंड्यांवरून तिचा खणखणीत आवाज घुमतो, "शके, गोळी घे!" आणि बापू पाइप खाली ठेवून म्हणतात, "घेतली गं, घेतली." मग मी त्या डॉक्टरांचं नाव उच्चारते, आडनावासकट, मोठ्यानं. इथे ते छापता येणार नाही, असं संपादकांनी बजावलं आहे. रोपवाटिकेत मला कोणी बजावत नाही.