बारवेवरचे दरोगा

तुम्ही घागर घेऊन पाण्याला निघालात आणि वाटेत कुणी अडवून म्हणालं, "आधी पाय दाखवा," तर तुम्ही काय कराल?

आमच्या गावात रोज सकाळी हेच व्हायचं. आणि पाय बघणारे होते माझे सासरे!

मामंजी गेले ते चांगले पिकल्या वयात. भेटायला आलेला माणूस ओसरीवर बसायचा, डोळे पुसायचा आणि चहा येईपर्यंत त्यांच्या रागाचा एक किस्सा सांगून मोकळा व्हायचा. एकाचा संपला की दुसऱ्याला आठवायचा. पण एक गोष्ट मला फार लागली. ज्यांनी त्यांना जन्मभर छळलं, तेच सगळ्यांत मोठ्यानं सांगत होते, "आम्ही पहिल्यापासून दरोगांच्या पाठीशी होतो!" हातात चहाचा ट्रे होता, म्हणून मी गप्प राहिले. आता हात मोकळे आहेत.

*

आमचं गाव मुरुमच्या अलीकडचं, आठवडी बाजाराचं. तेव्हा निजामाचं राज्य होतं. मामंजी लोकलफंडात, म्हणजे तेव्हाच्या नगरपालिकेत, सफाईचे दरोगा. गटारी, दिवे, बाजारतळ, पाणी, सगळं त्यांच्याच गळ्यात. पाण्याची जागा एकच, दगडी बारव. बायका पायऱ्या उतरून खाली जायच्या, गुडघाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि घागर बुडवायच्या.

त्या पाण्यात नारू होता. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते. पायाला फोड येतो, फुटतो आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा किडा बाहेर येतो. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय गेलाच समजा. सोलापूरच्या एका डॉक्टरांनी मामंजींना सांगितलं होतं, की फोडाचा पाय पाण्यात गेला की किड्याची पिल्लं पाण्यात जातात आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षभरानं नारू होतो. म्हणजे पायऱ्या बंद करून पाणी वरून दोरानं काढलं की रोग बंद. एवढं सोपं!

पायऱ्या बंद करायला किती वर्षं लागली, ते विचारू नका.

तोवर मामंजी रोज पहाट झाली की बारवेच्या तोंडाशी दगडावर बसायचे. फोड दिसला की बाई परत. तिनं घागर शेजारणीकडं द्यायची. एकदा गंगव्वा नावाची तिखट जिभेची बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दरोगा, बायांच्या पायाकडं बघत बसताय, लाज न्हाय वाटत?"

मामंजी मान वर न करता म्हणाले, "बाई, तोंडं बघायला मला सवड न्हाय!"

*

एकदा तहसीलदारसाहेब दौऱ्यावर आले. चावडीत बैठक बसली. मामंजींनी पायऱ्यांचा विषय काढला, तर साहेब कंटाळून जांभया देऊ लागले. तेवढ्यात त्यांच्यासाठी काचेच्या ग्लासात पाणी आलं.

"हुजूर, पीने के पहले जरा धूप में देखो," मामंजी म्हणाले.

साहेबांनी ग्लास उन्हात धरला. पाण्यात बारीक पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारत होते!

"ये क्या है, दरोगा?"

"यही तो नारू की सवारी है, हुजूर. पेट में इसी पर बैठ के जाता."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी ग्लास लांब ठेवला आणि तिथल्या तिथं हुकूम सोडला. मामंजींना वाटलं, जिंकलो! हुकूम असा होता, की साहेबांचा मुक्काम आहे तोवर त्यांच्यासाठी मळ्यातल्या विहिरीचं पाणी गाडीनं आणावं.

आणि गावासाठी? गावासाठी बारव होतीच की!

हे सांगताना मामंजी म्हातारपणीसुद्धा उठून उभे राहायचे. बसून सांगण्यासारखी गोष्टच नव्हती ती.

*

मग गावची बैठक देवळात बसली. मलकप्पाशेठ मधोमध. ते कापडाचे व्यापारी. बारव त्यांच्या पणजोबांनी बांधलेली, म्हणून त्यांना ती आपल्या अंगणासारखीच वाटायची.

"दरोगा, नारू पाण्यानं व्हत न्हाय. देवीचा कोप हाय त्यो," शेठ म्हणाले. "पायऱ्या बुजवल्या तर देवी अजून कोपंल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मामंजी उठले.

"गावकुसाबाहेरच्या वस्तीला तुम्ही बारवेच्या पायरीवर पाय ठेवू देत न्हाई. व्हय की न्हाय?"

"त्यांचा काय संबंध इथं?"

"ती माणसं ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून पाणी पितात. मी घरोघरी जाऊन आलोय. तिथं एकाच्याबी पायात नारू न्हाय. आता तुम्हीच सांगा शेठ, देवी कोपली ती कुणावर?"

बैठक तिथंच मोडली! दुसऱ्या आठवड्यात वर तक्रार गेली, की दरोगा देवाधर्माची टिंगल करतो. मामंजी काही महिने सस्पेंड. त्या महिन्यांतही ते बारवेवर जाऊन बसायचेच. तहसिलीतला कारकून, पेशकार, म्हणाला, "तुमची ड्यूटी बंद आहे, दरोगा."

"नारूची चालू हाय न्हवं? मग मीबी चालू!"

*

मी या घरात सून म्हणून आले ती त्याच दिवसांत. गावची रीत अशी, की नव्या नवरीनं बारवेत उतरायचं, पाय पाण्यात बुडवायचे, मग तिची ओटी भरायची. वाजतगाजत आम्ही गेलो. पहिल्या पायरीवर मामंजी आडवे उभे!

सासूबाई, म्हणजे आत्याबाई, कडाडल्या, "अहो, बाजूला व्हा! पोरीच्या पायाला काय झालंय?"

"काही न्हाई झालं. पण आज माझी सून उतरली, तर उद्या मी कुणाला थांबवू?"

"घरात दरोगा, भाईर दरोगा! माझ्या नशिबाला नवरा कधी येणार वो?"

वाजंत्री थांबली. मला रडू फुटायच्या बेतात होतं. तेव्हा मामंजींनी घरून आणलेली तांब्याची परात वरच्या पायरीवर ठेवली, तीत कळशीतलं गाळलेलं पाणी ओतलं आणि मला म्हणाले, "घाल पोरी पाय. पाणीच हाय हे."

मी घातले. पुढं कितीतरी वर्षं गावात माझं नाव 'परातीतली सून' होतं!

*

आता जे सांगते, त्यावर ओसरीवर कुणीच बोललं नाही.

मामंजींच्या सांगण्यावरून घरात पिण्याचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं जायचं. पण देवपूजेचं पाणी आत्याबाई गाळायच्या नाहीत. "देवाला फडक्यातलं पाणी?" म्हणायच्या. आणि पूजा झाली की तेच तीर्थ भक्तीनं घ्यायच्या.

त्यांच्या गुडघ्याला नारू निघाला. तो काढताना तुटला. गुडघा सुजून दगडासारखा झाला, तो पुन्हा सरळ झालाच नाही. मलकप्पाशेठ भेटायला आले आणि मामंजींसमोर बसून म्हणाले, "बघा दरोगा. देवीनं दाखवलं की न्हाय?"

अंगणातली काठी उचलून मामंजी शेठच्या मागं पेठेपर्यंत धावले! लोक हा किस्सा हसत सांगतात. मला नाही हसू येत. तेव्हा मी आत आत्याबाईंचा पाय मांडीवर घेऊन बसले होते.

*

राज्य बदललं. नवे अधिकारी आले. रिटायर व्हायला थोडे दिवस उरले असताना मामंजींच्या हातात पायऱ्या बंद करायची ऑर्डर पडली. गवंड्यानं पायऱ्यांच्या तोंडाला भिंत घातली, वर लाकूड टाकून रहाट बसवला.

भिंत पाडली गेली. पुन्हा बांधली, पुन्हा पाडली. तिसऱ्यांदा बांधली तेव्हा मामंजी तिला पाठ लावूनच बसले.

सकाळी बायका आल्या. नुसता आरडाओरडा. गंगव्वानं रिकामी घागर त्यांच्यापुढं आदळली.

"तुमाला हुकूम सोडायला काय जातंय? पायऱ्या व्हत्या तवा बुडवली घागर की चाललो. आता दोर ओढून हात आमचे सोलणार! घरातले बापे बसलेत पारावर पान खात. इतकं हाय तर तुमीच ओढा की दरोगा!"

मामंजी उठले. मग म्हणाले, "खरं हाय तुझं."

त्यांनी कोट काढला, पटका भिंतीवर ठेवला आणि रहाटाचा दोर धरला. पहिली घागर गंगव्वाची भरली. मग तिच्या मागचीची. बायका आधी लाजल्या, मग हसल्या, मग रांगेतच उभ्या राहिल्या. दिवसभर मामंजी पोहरा सोडत होते, ओढत होते आणि घागरी भरून देत होते. हाताला फोड आले, फुटले. मी बोटांना फडकं बांधायला गेले, तर मला म्हणाले, "तुझी घागर आण."

दुपार कलताना मलकप्पाशेठ तरातरा आले. रांगेत त्यांची सून होती, आणि तिची भरलेली घागर मामंजी तिच्या हातात देत होते.

"दरोगा!" शेठचा आवाज फाटला. "माझ्या घरच्या बाईची घागर परका बाप्या भरणार? समद्या गावादेखत?"

"भरणार."

"लाज सोडली का तुमी?"

"सोडली. उद्याबी भरणार, परवाबी भरणार. रिटायर झाल्यावर तर मला दुसरं कामच न्हाई!"

शेठनं सुनेच्या हातातली घागर हिसकावली आणि स्वतः उचलून घरी नेली. अर्धं पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं. पारावरचे लोक उठून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारवेवर गावातले पुरुष आपापल्या घरच्या घागरी घेऊन रांगेत उभे होते, आणि सगळ्यांत पुढं मलकप्पाशेठ दोर ओढत होते.